यंत्रमल्लांचा आखाडा

झुंज म्हटली की आखाडा आला आणि आखाडा म्हटला की नियम आले. आपल्या बडोद्यात ही गोष्ट एकेकाळी दगडविटांत बांधून ठेवलेली होती. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) अग्गडात साठमारीचे खेळ होत. चवताळलेला हत्ती आणि त्याला डिवचणारे पायउतार साठमार यांच्यातील तो जीवघेणा खेळ लुई रुसेले या फ्रेंच प्रवाशाने स्वतः पाहून लिहून ठेवला आहे. त्या आखाड्याच्या भिंतीत जागोजाग लहान दारे होती. माणूस त्यांतून निसटू शकेल, हत्ती मात्र शिरू शकणार नाही, एवढ्याच मापाची. नियम कागदावर नव्हता. तो दाराच्या रुंदीत होता. पुढे १९२३ साली याच शहरातील हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे सुधारित नियम ठरविले आणि त्यांनुसार अखिल भारतीय सामने भरविले. गावोगावी निरनिराळ्या तऱ्हेने खेळला जाणारा खेळ एका मापात आणण्याच्या कामी आपल्या येथील मराठी मंडळींचा हात लागला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

हे स्मरण होण्याचे कारण असे की, आपल्या घराघरांतील मुले आता निराळ्याच आखाड्यात उतरू लागली आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या उत्सवांत 'रोबोवॉर' नावाचा सामना हमखास असतो. मुंबईच्या आय. आय. टी.चा 'टेकफेस्ट' हा विद्यार्थ्यांनीच चालविलेला उत्सव १९९८ साली सुरू झाला आणि त्यातील यंत्रांच्या झुंजी पाहावयास तरुणांची झुंबड उडते. शाळांतूनही हे वारे पोहोचले आहे. केंद्र सरकारच्या २०१६ पासूनच्या योजनेत निवडलेल्या शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि सहावीपासूनची मुले तेथे मोटारी, चाके, बॅटऱ्या हाताळतात. आईबाप कौतुकाने पाहतात, पण त्यांच्या मनात एक शंका असते. चिरंजीवांनी किंवा कन्यकेने पाठीवरच्या पिशवीतून जे धूड घरी आणले आहे, त्याला पुढे एक धारदार पाते आहे. ते फिरते तेव्हा घरातला पंखाही मवाळ वाटावा. मग हा खेळ आहे की उपद्व्याप?

या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी नियमावलीत सापडते. ती वाचण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही. मुले पहिले पान उलटतात आणि शेवटच्या पानावर सही करतात.

आधी शब्दाविषयी थोडेसे. 'यंत्रमानव' हा आपला रूढ शब्द येथे फसवा आहे. झुंजणाऱ्या या यंत्रांना हात नाहीत, डोके नाही, मानवी आकार तर मुळीच नाही. बहुतेक यंत्रे बसकी, चपटी, दोन किंवा चार चाकांची असतात आणि ती आपल्या बुद्धीने लढत नाहीत. आखाड्याबाहेर उभा असलेला मुलगा रिमोटने त्यांना चालवितो. मूळ 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. तो सुचविला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. धन्याच्या हुकुमावर निमूटपणे राबणारा तो रोबोट, या अर्थाने पाहिल्यास ही झुंजणारी यंत्रे त्या शब्दाला अधिक जागतात. तरीही मला 'यंत्रमल्ल' हा शब्द अधिक बरा वाटतो, आणि पुढे तोच वापरतो.

या खेळाचा जन्म अमेरिकेतला. डेन्व्हर येथे १९८७ साली हौशी मंडळींनी 'क्रिटर क्रंच' नावाने छोट्या यंत्रांच्या झुंजी लावल्या. परंतु खेळाला नाव आणि गर्दी मिळाली ती मार्क थॉर्प या कलावंत-कारागिरामुळे. चित्रपटांसाठी नमुने व खेळणी घडविणारा हा गृहस्थ १९९२ च्या सुमारास घरातला केर काढणारे यंत्र रिमोटवर चालविण्याच्या खटपटीत होता. केर काही नीट निघेना, पण त्यातून झुंजीची कल्पना निघाली. ऑगस्ट १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसन येथे 'रोबोट वॉर्स'चे पहिले सामने झाले. १९९८ पासून ब्रिटनच्या बी.बी.सी.ने त्याच नावाची मालिका दाखविली. १९९९ साली अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' सुरू झाले व पुढच्याच वर्षी ते दूरदर्शन संचावर आले.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९९५ मध्ये, एक घटना घडली. जेमी हाइनमन हा पुढे 'मिथबस्टर्स' या मालिकेमुळे जगभर ओळखला गेलेला कारागीर 'ब्लेंडो' नावाचे यंत्र घेऊन आला. चिनी पद्धतीच्या लोखंडी कढईसारखे त्याचे कवच; गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन त्या संपूर्ण कवचाला गरगर फिरवी आणि कवचाच्या कडेला पाती बसविलेली. प्रतिस्पर्ध्याला त्याचा स्पर्श होताच तुकडे आखाड्याच्या भिंतीवरून बाहेर उडाले. संयोजकांच्या छातीत धडकी भरली. त्यांनी ब्लेंडोला सामन्यातून बाजूला काढले आणि सहविजेता म्हणून जाहीर करून टाकले. लढू दिले नाही, पण मान दिला! भिंत अपुरी होती हे त्या दिवशी सर्वांना कळले. आज अशा आखाड्याला चोहोबाजूंनी आणि वरूनही पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक आच्छादन असते, त्यामागे ही घटना आणि तिच्यासारख्या अनेक घटना आहेत. येथे एक बारकावा सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे त्यात काटकसर होण्याचा संभव आहे. दुकानात पॉलिकार्बोनेट आणि अॅक्रिलिक यांचे पत्रे शेजारी शेजारी उभे असतात आणि दिसावयास सारखेच. आघात झाला असता पॉलिकार्बोनेट वाकते, चेपते. अॅक्रिलिक फुटते आणि त्याचे धारदार तुकडे उडतात. अॅक्रिलिक बहुधा स्वस्त पडते.

विद्यार्थ्यांसाठी म्हणून जे सामने अमेरिकेत सुरू झाले, त्यांत 'नॅशनल रोबोटिक्स लीग'चे उदाहरण घेण्यासारखे आहे. अवजारे व यंत्रभाग बनविणाऱ्या तेथील कारखानदारांच्या संघटनेने तो उपक्रम चालविला. हेतू उघड होता. लेथ आणि मिलिंग यंत्रांवर काम करणारे कुशल हात मिळेनासे झाले होते, आणि कारखान्याकडे मुलांचे लक्ष वळवावयाचे तर त्यांना काहीतरी चुरशीचे द्यावयास हवे होते. यंत्रमल्लाचे वजन जास्तीत जास्त पंधरा पौंड, म्हणजे सुमारे ६.८ किलो. मुलांनी स्थानिक कारखान्याच्या सहकार्याने तो घडवावयाचा, आणि त्याबरोबर एक टिपणवही ठेवावयाची. कोणता भाग का निवडला, कोणता तुटला, दुसऱ्या खेपेला काय बदलले, हे सारे तीत लिहावयाचे. या वहीचेही परीक्षण होते. मराठीच्या शिक्षकाला या कलमाचे कौतुक वाटले तर नवल नाही. आपल्या मुलांना काम करता येते. केलेल्या कामाविषयी चार सरळ वाक्ये लिहिता येत नाहीत.

वजनाचे गट कुस्तीप्रमाणेच. लहानांत दीडशे ग्रॅमचे, मग एक पौंड, तीन पौंड, बारा, तीस असे चढत जात मोठ्या आखाड्यात अडीचशे पौंडांपर्यंत. आपल्या देशातील महाविद्यालयीन सामन्यांत पंधरा किलो, साठ किलो असे गट प्रचलित आहेत. ब्रिटनमध्ये दीडशे ग्रॅमच्या यंत्राने झुंज सुरू होताना चार इंचांच्या घनाकृती पेटीत मावले पाहिजे, असा गमतीदार नियम आहे. चहाच्या मोठ्या पेल्याएवढा मल्ल! शाळेतील मुलांना सुरुवात करावयाची असेल तर ती या छोट्या गटातूनच करावी असे माझे मत आहे. केवळ प्लास्टिकचीच अंगे चालतील असा एक पौंडाचा निराळा गटही तिकडे आहे. अशा यंत्रात लोखंडी पाते नसते, खर्च आटोक्यात राहतो आणि झुंज पेटीएवढ्या आखाड्यात होते. परंतु आपल्याकडे मुलांना एकदम साठ किलोची स्वप्ने पडतात, आणि वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीला हात लागतो.

आता धोक्याच्या मुळाशी जाऊ. समजा, वीस सेंटिमीटर व्यासाची एक चकती मिनिटाला सहा हजार फेरे घेते आहे. यात काही अद्भुत नाही. आजच्या छोट्या मोटारींना हे सहज जमते. एका सेकंदात शंभर फेरे. म्हणजे तिची कड सेकंदाला सुमारे ६३ मीटर, तासाला सव्वादोनशे किलोमीटर वेगाने धावते. आता या चकतीचे एक किलो वजन सर्वस्वी कडेला आहे असे धरले, तर तिच्यात साठलेली शक्ती जवळजवळ दोन हजार ज्यूल भरते. ज्यूल या शब्दाने सर्वसामान्य वाचकाला काही बोध व्हावयाचा नाही, म्हणून निराळ्या रीतीने सांगतो. एक किलोचे वजन दोनशे मीटर उंचीवरून खाली सोडले तर जमिनीवर आदळताना, वाऱ्याचा अडथळा सोडून, त्यात एवढीच शक्ती असते. आणि वेग दुप्पट केला की शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून मोठ्या सामन्यांत पात्याच्या टोकाच्या वेगाला मर्यादा असते. 'बॅटलबॉट्स'मध्ये ती ताशी २५० मैल ठेवलेली आहे. फिरते हत्यार, वीज तोडल्यापासून साठ सेकंदांच्या आत पूर्णपणे थांबले पाहिजे, हेही कलम त्याच कारणाने आलेले. 'स्पार्क' या नावाने अमेरिकेत जी समान नियमावली तयार झाली आहे, तीत ते स्पष्टपणे दिलेले आहे.

पण लोक पात्याला भितात आणि बॅटरीला भीत नाहीत. वास्तविक उलट असावयास पाहिजे. चार घटांची, १४.८ व्होल्टची, तेराशे मिलिअॅम्पिअर-तासांची एक साधी लिथियम पॉलिमर बॅटरी तळहातावर मावते. तिच्यात सुमारे एकोणसत्तर हजार ज्यूल असतात, म्हणजे वर वर्णन केलेल्या चकतीच्या पस्तीसपट. चकतीचा आघात क्षणात होतो आणि सर्वांना दिसतो. बॅटरी मात्र आतल्या आत चेपते, फुगते, आणि कित्येकदा झुंज संपून अर्धा तास झाल्यावर पेट घेते. तोवर ती मुलाच्या पिशवीत असते. चांगल्या नियमावलीत म्हणूनच बॅटरीवर पाने खर्ची पडलेली असतात. चार्जिंग नेमून दिलेल्या जागीच करावयाचे, प्रत्येक घट समपातळीवर भरणाऱ्या चार्जरनेच करावयाचे, आगरोधक पिशवीत ठेवून करावयाचे, आणि जवळ माणूस असल्याशिवाय करावयाचे नाही. फुगलेली किंवा भोसकली गेलेली बॅटरी ताबडतोब उघड्यावर, वाळूच्या बादलीत. घट पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, त्यापुढे भरणे म्हणजे आगीला आमंत्रण.

या ठिकाणी आईबापांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. यंत्र घरी येऊ द्या, अवजारे येऊ द्या, दिवाणखान्यात लोखंडाचा कीस पडला तर आठवडाभर सहन करा. परंतु रात्री सर्व निजल्यावर पलंगाखाली किंवा गादीवर बॅटरी चार्जिंगला लावू देऊ नका. मुलगा म्हणेल, "काही होत नाही, बाबा." बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. हे 'बहुतेक वेळा'च घातक आहे.

तपासणीच्या वेळी परीक्षक जे पाहतात त्यात वजन हा सर्वांत सोपा भाग. हत्याराला कुलूप आहे की नाही, म्हणजे एखादी ठळक रंगाची लोखंडी दांडी किंवा खीळ घालून पाते जखडता येते की नाही, हे आधी पाहतात. आखाड्याबाहेर यंत्र असेल तेव्हा ही खीळ काढावयाची नाही. यंत्राला एक असा स्विच किंवा काढता येणारा दुवा हवा की बाहेरून झटकन वीज तोडता यावी. वीज चालू आहे हे दाखविणारा दिवा हवा. मग येते माझ्या मते साऱ्या नियमावलीतील सर्वांत सुंदर चाचणी. यंत्र सुरू करून परीक्षक मुलाला सांगतो, "आता रिमोट बंद कर." रिमोट बंद होताच चाकांनी थांबले पाहिजे आणि हत्याराची वीज तुटली पाहिजे. धन्याचा आवाज ऐकू येईनासा झाला की चाकराने जागच्या जागी स्वस्थ राहावे. अखेरचा हुकूम धरून पुढे धावत सुटू नये. हे ज्या यंत्राला जमत नाही त्याला आखाड्यात प्रवेश नाही, मग ते कितीही देखणे आणि खर्चिक असो.

वर्ज्य हत्यारांची यादी वाचताना मोठी मौज वाटते. पाणी, तेल, डिंक नको. धूर किंवा भुकटी उडवून प्रतिस्पर्ध्याच्या चालकाला आंधळे करणे नको. स्फोटक नको. डोळ्यांना अपाय करणारा लेझर नको. विजेचा धक्का नको, समोरच्याच्या रेडिओ लहरी अडविणारी युक्ती नको. विद्यार्थ्यांच्या सामन्यांत आगही नको. प्रत्येक 'नको'मागे कोणा तरी कल्पक डोक्याने तसा विचार केलेला असणार, हे उघड आहे. मनुष्याच्या बुद्धीचा व्याप पाहावयाचा असेल तर त्याने कशाकशाला बंदी केली आहे ते पाहावे.

जाळ्याची कथा तर ऐकण्यासारखी आहे. जुन्या काळापासून जाळे, दोरी, कापड असे चाकात गुंतणारे साहित्य निषिद्ध होते. २०१५ साली 'बॅटलबॉट्स' बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू झाले तेव्हा नव्या नियमावलीत हे कलम लिहावयाचे राहिले. 'कंप्लीट कंट्रोल' नावाच्या यंत्राचा चालक आखाड्यात भेटवस्तूचे एक खोके घेऊन आला. 'घोस्ट रॅप्टर' या प्रतिस्पर्ध्याचे फिरते पाते खोक्याला लागले आणि आत दडविलेल्या जाळ्यात पुरते अडकले. एकच गिल्ला झाला. एक बाजू म्हणे, जाळे कधीच चालत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरी बाजू म्हणे, दाखवा कुठे लिहिले आहे ते. लिहिलेले नव्हतेच. शेवटी झुंज पुन्हा लावण्यात आली आणि तीत 'घोस्ट रॅप्टर' जिंकले. मागाहून ते कलम परत आले. पंचांनी येथे न्याय केला की तडजोड, यावर वर्गातील मुलांना वाद घालावयास लावावा असा हा प्रश्न आहे. माझ्यापुरते सांगावयाचे तर, जाळे आणणाऱ्याने लबाडी केली असे मला वाटत नाही. लबाडी म्हणजे लिहिलेले मोडणे. त्याने न लिहिलेले वापरले. दोष लेखणीचा होता.

अशीच गोष्ट पायांवर चालणाऱ्या यंत्राची. चाकांपेक्षा पाय बनविणे अवघड, म्हणून पायवाल्या यंत्रांना वजनात मोठी सवलत देण्याची प्रथा आहे. २००१ साली 'सन ऑफ व्हायाची' या यंत्राने चाकांऐवजी फरफटत सरकणाऱ्या पट्ट्यांची अशी रचना केली की नियमाच्या शब्दांनुसार तिला पाय म्हणणे भाग पडले. सवलतीचे वजन हत्यारात घालून त्याने भारी गटाचे अजिंक्यपद पटकावले. पुढे नियम बदलला आणि अशा सरकत्या पायांची सवलत गेली. व्याकरणात 'पाय' या शब्दाची व्याख्या कोणी विचारीत नाही. येथे मात्र त्या व्याख्येवर अजिंक्यपद फिरले.

झुंज तीन मिनिटांची. दोन्ही चालक तयार असल्याचे सांगतात, उलट मोजणी होते, आणि सुरू. एखादे यंत्र हलेनासे झाले की पंच दहा आकडे मोजतो. तेवढ्यात ते हलले नाही तर चीतपट. प्रतिस्पर्ध्याला भिंतीशी दाबून धरणे चालते, पण साधारणतः दहा सेकंदच. मग सोडावे लागते. चालक स्वतःहूनही हार पत्करू शकतो. त्याला तिकडे 'टॅप आउट' म्हणतात. पुढच्या झुंजीसाठी यंत्र शाबूत राहावे म्हणून वेळेवर हार मानणे यात कमीपणा मानला जात नाही. बहुतेक सामन्यांत दोनदा हरल्यावरच यंत्र बाद होते, त्यामुळे पहिली हार पत्करून मोटार वाचविणारा मुलगा पुष्कळदा शहाणा ठरतो.

तीन मिनिटांत निकाल लागला नाही तर गुणांवर कुस्ती. 'बॅटलबॉट्स'मध्ये तीन पंच असतात आणि प्रत्येकाजवळ अकरा गुण: प्रतिस्पर्ध्याच्या हानीला पाच, आक्रमकतेला तीन, ताब्याला तीन. अकराचे दोन सारखे भाग होत नाहीत, म्हणून कोणाही पंचाला बरोबरी देऊन सुटका करून घेता येत नाही. हानी मोजणे मात्र दिसते तितके सोपे नाही. ठिणग्यांचा पाऊस पडला, प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या, आणि पाहावे तो फक्त रंग खरवडलेला. उलट कोणाच्या ध्यानातही न आलेल्या एका धक्क्याने चाकाचा आस वाकलेला असतो आणि यंत्र एका अंगाने लंगडत असते. जाणता पंच दुसऱ्याला अधिक गुण देतो. मार खाण्यासाठीच बसविलेला कवचाचा तुकडा गळून पडला तर त्याला फारसे महत्त्व नाही. कोपऱ्यात पाते फिरवीत वाट पाहणाऱ्या यंत्राला आक्रमकतेचे गुण मिळत नाहीत. पुढे जाऊन भिडावे लागते.

या खेळात एक रीत अशी आहे की ती नियमावलीत कोठेही लिहिलेली नसते. झुंजीनंतर दुरुस्तीसाठी वीस-तीस मिनिटांचा अवधी मिळतो. त्या वेळात ज्याने यंत्र मोडले तोच आपली सोल्डरिंगची बंदूक, आपली जादा मोटार, आपले स्क्रू घेऊन समोरच्याच्या टेबलाशी येतो. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या हौशी मंडळींत ही रीत पहिल्यापासून आहे, आणि आपल्या मुलांनीही ती उचलली आहे याचा मला आनंद वाटतो. दुसऱ्याचे यंत्र फोडण्याच्या या खेळाविषयी माझ्या मनात जी अढी होती ती नियमांनी थोडी सैल केली, पण या रीतीने अधिक. अढी पुरती गेली असे मात्र म्हणणार नाही. महिनोन्‌महिने घडविलेली वस्तू तीन मिनिटांत भंगारात जाताना पाहणे माझ्या पिढीच्या माणसाला जडच जाते.

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या उत्सवात मी हे सामने पाहिले. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. नियमावली बावीस पानांची होती, परदेशी नियमावलीवरून शब्दशः उतरविलेली. आखाड्याच्या एका बाजूला मात्र पारदर्शक पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी होती आणि तिला नाक लावून लहान मुले उभी होती. डोळ्यांवर संरक्षक चष्मा फक्त उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांना दिलेला होता. चार्जिंगचे टेबल दाराच्या तोंडाशी. आग लागली असती तर बाहेर पडावयाची वाट तीच. कागदावरच्या कलमांत काही उणे नव्हते. ज्यांनी ती अमलात आणावयाची, त्या स्वयंसेवकांनी ती वाचलेली नव्हती. एका मुलाला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, ते इंग्रजीत आहे, आणि बारीक टाइपात."

यावर उपाय अवघड नाही. नियम मुलांच्या भाषेत, म्हणजे येथे गुजराती किंवा मराठीत, लिहून काढावेत आणि सामन्याच्या आदल्या दिवशी मोठ्याने वाचावेत. लिहिताना एका शब्दापासून सावध राहावे. तो शब्द 'शक्यतो'. 'चार्जिंग शक्यतो देखरेखीखाली करावे' असे लिहिले की कोणीही देखरेख करीत नाही. 'असावे' आणि 'असलेच पाहिजे' यांत वर्गातल्या व्याकरणात सूक्ष्म फरक आहे. आखाड्यात तो एखाद्या बोटाएवढा असू शकतो. आणि जेथे शब्द कमी पडतील असे वाटेल तेथे साठमारीच्या दारांप्रमाणे नियम वस्तूतच बांधावा. आखाड्याचे दार उघडे असेल तर आतील हत्याराची वीज सुरूच होऊ नये अशी योजना मोठ्या आखाड्यात करतात. ते झेपत नसेल तर निदान दाराला कडी आणि कडीशी एक जबाबदार माणूस.

विद्यार्थ्यांच्या सामन्यात आणखी एक कलम हवे असते आणि आपल्याकडे ते बहुधा नसते. यंत्र विद्यार्थ्यानेच चालवावे आणि दुरुस्तीही त्यानेच करावी. शिक्षकाने, पालकाने किंवा विकतच्या कारागिराने टेबलापलीकडे उभे राहून सल्ला द्यावा, हात लावू नये. हा नियम पालकांना फार कठीण जातो. मुलाच्या हातून स्क्रू पडला की त्यांचा हात आपोआप पुढे येतो. मुलींच्या बाबतीत तर हे हमखास घडते. संघातील मुलगे आणि वडीलधारे मिळून तिच्या हातातून पाना काढून घेतात आणि तिला टिपणवही सांभाळावयास देतात. वही प्रत्येकाने लिहावी, पाना प्रत्येकाने धरावा.

झुंज संपल्यानंतरचा क्रम शेवटी सांगतो, कारण अपघात बहुधा याच वेळी होतात. विजयाच्या भरात मुले दाराकडे धावतात. धावावयाचे नाही. पंच आधी घड्याळ पाहतो. दोन्ही पाती पूर्ण थांबली आहेत अशी खात्री होईपर्यंत दार बंद. मग प्रत्येक संघातील एकच जण, चष्मा लावून, आत जातो. तो प्रथम हत्याराची खीळ घालतो, नंतर यंत्राची वीज तोडतो, दिवा विझला की नाही ते पाहतो. रिमोट या वेळेपर्यंत सुरूच ठेवावयाचा. यंत्र आधी बंद, रिमोट मागाहून. सुरू करताना याच्या उलट, रिमोट आधी आणि यंत्र नंतर. त्यानंतर यंत्र उचलून, बाहेरच्या टेबलावर चाके अधांतरी राहतील अशा ठोकळ्यावर ठेवावयाचे. बॅटरी काढून तिला हात लावून पाहावयाचे. गरम लागली किंवा फुगलेली दिसली तर ती उघड्यावरच्या वाळूच्या बादलीत जाते आणि संध्याकाळपर्यंत तेथेच राहते. जमिनीवर पडलेले धातूचे तुकडे कोणीतरी झाडून काढतो, पंच भिंतीला तडा गेला आहे का ते पाहतो, आणि मग पुढची जोडी आत बोलावतो.